अंड्यात पाणी घालता येत नाही

मागच्या महिन्यात आमच्याकडं एक साखरपुडा होता. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि मांडवाच्या कडेला खुर्च्या गोल करून मंडळी बसली. विषय कसा निघाला ते आठवत नाही, पण गाडी घसरली ती अंड्यावर. बँकेतनं रिटायर झालेले मामा म्हणाले, अंडं म्हणजे निव्वळ कोलेस्टेरॉल, डॉक्टरनी मला बंद केलंय, तुम्ही पण बंद करा. जिमला जाणारा भाचा म्हणाला, मामा तुम्ही कुठल्या जमान्यात आहात, मी रोज आठ खातो, फक्त बलक फेकून देतो. माळकरी काका म्हणाले, शुभकार्याच्या मांडवात हा विषय तरी कशाला. मग कुणीतरी ते "आजकाल अंडं शाकाहारीच असतं" वालं काढलं आणि अर्धा तास नुसता गोंधळ. या सगळ्यात माझी आतेबहीण, आमची ताई, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती गप्प बसून बडीशेप चघळत होती. निघताना मला एवढंच म्हणाली, "आमच्याकडं अंडी बंद झाली रे. पहिले दोन-तीन महिने पोरं विचारायची, आता विचारत पण नाहीत."

तेव्हापासनं डोक्यात बसलंय की आपण अंड्यावर वाद घालतो तो चुकीच्या टोकाकडनं घालतो. पोट भरलेली माणसं स्वतःच्या कोलेस्टेरॉलवर, स्वतःच्या बायसेप्सवर नाहीतर स्वतःच्या पुण्यावर बोलतात आणि ज्या पोराच्या ताटात आठवड्यातनं एकदा एक अंडं पडणार होतं ते पोरगं चर्चेत कुठंच नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: अंडं हे काही अमृत नाही, सुपरफूड वगैरे तर अजिबात नाही, पण आपल्या शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये पोरांच्या तोंडापर्यंत जसंच्या तसं पोचणारं त्याच्याइतकं भरवशाचं खाणं दुसरं नाही, आणि ते बंद करण्यासाठी जी कारणं दिली गेली त्यातलं एकही कारण पोराच्या ताटासमोर बसून तपासलं तर टिकत नाही.

आधी झालं काय ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की शालेय पोषण आहारात आठवड्यातनं एक दिवस अंडं द्यायचं, उकडलेलं नाहीतर पुलाव करून, न खाणाऱ्याला केळं. पहिल्या वर्षासाठी २३ आठवडे आणि एका अंड्याला ५ रुपये. लगेच काही धार्मिक संघटनांकडनं विरोध सुरू झाला. मग जानेवारी २०२४ मध्ये नवीन सूचना आली की ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथं अंडं नाहीच द्यायचं, आणि पोरांच्या ओळखपत्रावर खाणारा-न खाणारा असे लाल-हिरवे ठिपके लावायचे. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरळ सांगून टाकलं की अंड्यांसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, ज्या शाळांना द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातनं जमवावं. खिरीच्या आणि नाचणी सत्त्वाच्या साखरेचं पण तेच, म्हणजे ज्या राज्यात प्रत्येक दुसऱ्या तालुक्यात साखर कारखान्याचं धुराडं दिसतं तिथं गुरुजींनी साखरेसाठी वर्गणी मागायची. असो. थोडक्यात चौदा-पंधरा महिन्यांत अंडं आलं, ठिपका लागला आणि गेलं.

आता मामांचं कोलेस्टेरॉल. या भीतीला शंभर वर्षांवरचा इतिहास आहे आणि तो मजेशीर आहे. १९१३ च्या सुमारास अनिच्कोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या बंद होताना बघितल्या. प्रयोग खरा होता, मोठा होता, पण ससा हा पाला खाणारा प्राणी, त्याचं शरीर या पदार्थासाठी बनलेलंच नाही. माणसाचं लिव्हर स्वतःच बहुतेक कोलेस्टेरॉल बनवतं आणि खाण्यातनं जास्त आलं की बऱ्याच लोकांत आपलं उत्पादन थोडं आवरतं घेतं. तरी १९६८ मध्ये अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनच्या वर अंडी नकोत, आणि तोच आकडा फिरत फिरत आपल्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर आला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आहार सल्ल्यातनं तो ३०० चा आकडा काढला गेला, पण ती बातमी काही मामांच्या डॉक्टरपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

पण म्हणून मामा येडे आहेत असं मी म्हणणार नाही. एका अंड्यात १८० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि हे थोडंथोडकं नाही. काही लोकांचं रक्त त्याला जास्त प्रतिसाद देतं, काही घराण्यांत जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असतं, आणि डायबेटिस असलेल्यांच्या बाबतीत संशोधक अजून एकमेकांशी भांडतायत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला, २०२० मध्ये दुसऱ्या, त्याहूनही मोठ्या अभ्यासात दिवसाला एक अंड्यापर्यंत तसा काही संबंध दिसला नाही. म्हणजे साठीच्या, स्टेंट बसलेल्या, दिवसभर सोफ्यावर बसणाऱ्या माणसानं डॉक्टरचं ऐकावंच. पण मला सांगा, हे सगळे अभ्यास कुणाचे? मोठ्या माणसांचे, बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या, ज्यांच्या प्लेटमध्ये अंड्याच्या शेजारी लोणी आणि डुकराचं मांस असतं. त्यांच्या रक्तवाहिन्यांची काळजी आपण दुसरीतल्या अठरा किलोच्या पोराच्या डोक्यावर कशी काय टाकतो? आणि तेही आठवड्याला एका अंड्यासाठी! एवढं सगळं रान उठलं ते वर्षाला २३ अंड्यांवरनं, आमचा भाचा तेवढी तीन दिवसांत संपवतो.

भाच्याचं पण जरा बघू. हा पठ्ठ्या बलक फेकतो आणि पांढरं खातो. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, त्यातली जवळजवळ चाळीस टक्के बलकातच असतात. आणि प्रथिनं सोडून जे जे चांगलं आहे, बी-१२, अ आणि ड जीवनसत्त्व, मेंदूसाठी लागणारं कोलीन, ते जवळपास सगळं त्या पिवळ्यात. म्हणजे हा नारळातलं पाणी पिऊन खोबरं टाकून देतोय. याचा एक मित्र कच्ची अंडी फोडून ग्लासातनं पितो, त्याला वाटतं ताकद जास्त. उलट आहे हो. शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली निम्मीच, शिवाय कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन नावाचं जीवनसत्त्व बांधून ठेवतो आणि साल्मोनेला जंतूंची भीती वेगळी. गावरान आणि बॉयलरच्या अंड्यात पण लोकांना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग तिनं काय खाल्लं त्यावर. चवीला गावरान भारी लागतं हे मान्य, पण दुप्पट पैसे देण्याइतकं पोषण त्यात जास्त नसतं.

आता जो मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो त्याकडं येतो. डाळ-भात, शेंगदाणे, हरभरा, दूध यांत प्रथिनं नाहीत का? पिढ्यानुपिढ्या शाकाहारी राहिलेली लाखो माणसं धडधाकट आहेतच ना? आहेत. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात जे कमी ते डाळीत, म्हणून आपलं वरण-भात आणि भाकरी-पिठलं हे जोडपं पक्कं आहे, त्याला नावं ठेवणारा मूर्ख. शाकाहारी माणूस पूर्ण निरोगी राहू शकतो, फक्त त्याला वरणात डाळ पाहिजे, रोज दूध-दही पाहिजे, कारण बी-१२ वनस्पतींत मिळत नाही, दुधात मिळतं. हे ज्याच्या घरात आहे त्याला अंड्याची काहीही गरज नाही. पण ज्याच्या घरात हे नाही त्याचं काय, भांडण तर त्याच्याबद्दलच आहे.

शाळेतलं गणित बघा. नियमानं पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. वीस ग्रॅम म्हणजे मूठभर पण नाही. त्यात साडेचार-पाच ग्रॅम प्रथिनं येतात, तांदळातनं सातेक, असं करून कागदावर १२ ग्रॅमचा नियम पूर्ण होतो. अंडं एकटंच सहा ग्रॅम, म्हणजे त्या पोराच्या दिवसाच्या डाळीपेक्षा जास्त, आणि पचायला डाळीहून सोपं. सात ते नऊ वर्षांच्या पोराला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं आपल्याच हैदराबादच्या पोषण संस्थेचे तक्ते सांगतात, म्हणजे एका अंड्यात चौथा हिस्सा निघाला. आणि अंड्याऐवजी केळं? केळं चांगलंच आहे, मी रोज खातो, पण केळ्यात एक ग्रॅमभर प्रथिनं आणि बी-१२ शून्य. अंड्याला पर्याय म्हणून केळं देणं म्हणजे रेनकोट नाही म्हणून पोराला गॉगल देण्यासारखं आहे. न खाणाऱ्या पोराला बरोबरीचं काहीतरी द्या ना, शेंगदाण्याची चिक्की द्या, दूध द्या.

इथं काही लोक लगेच म्हणतात, मग सगळ्यांनाच दूध द्या, वादच मिटला. मला हे मनापासनं आवडलं असतं. २०० मिली दुधात अंड्याएवढीच प्रथिनं, बी-१२ तर अंड्यापेक्षा जास्त, कॅल्शियम वर फुकट. कागदावर दूध जिंकतं. पण दूध कॅनमध्ये येतं, ते तापवायला लागतं, उन्हाळ्यात नासतं, आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी घालता येतं. डाळीत घालता येतं, दुधात घालता येतं, पोषणाची पावडर असेल तर पिशवीच घरी नेता येते किंवा जनावरांपुढं टाकता येते. अंड्यात पाणी घालता येत नाही. अर्धं अंडं देऊन पूर्ण दिलं असं लिहिता येत नाही. तीसचा एक ट्रे, तीन ट्रे म्हणजे नव्वद, पटावर हजर पोरं सत्त्याऐंशी, तीन उरली पाहिजेत. पहिलीतल्या पोराला पण कळतं आपल्याला मिळालं का नाही. आमची ताई सांगते, डाळ पातळ झाली तर आजपर्यंत एकही पालक शाळेत आला नाही, पण एका बुधवारी अंडी कमी पडली तेव्हा दोन आया संध्याकाळी दारात उभ्या. सरकारी योजनेत इतका साधा हिशोब ठेवता येणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. कवच हेच त्याचं सील आहे. (मध्यंतरी प्लॅस्टिकची अंडी आल्याच्या बातम्या फिरायच्या. सहा-सात रुपयांत कवच, पापुद्रा, पांढरं, बलक सगळं हुबेहूब बनवणारा कारखाना कुणाला सापडला तर मला पण सांगा, मी भागीदारी करतो.)

मी ताईच्या शाळेत अंड्याच्या दिवशी एकदा गेलो होतो. मदतनीस बाई सकाळी नऊलाच मोठ्या पातेल्यात अंडी लावतात, पाण्यात मूठभर मीठ, तडकलं तरी पांढरं बाहेर येऊ नये म्हणून. मग गार पाण्याची बादली. पोरांना सोलून देत नाहीत, हातातच देतात, आणि पुढची पाच मिनिटं वर्गात फक्त बाकावर अंडी आपटल्याचा टकटक आवाज. ताजी असली की कवचाला चिकटतात, पोरं नखानं उचकटत बसतात आणि ज्याचं अख्खं गुळगुळीत निघतं तो वर धरून सगळ्यांना दाखवतो. एक बारकी पोरगी आधी पांढरं सगळं कुरतडून खात होती आणि बलक गोटीसारखा तळहातावर ठेवला होता, शेवटी खायला. त्या दिवशीची हजेरी ताईनं दाखवली, रोजच्यापेक्षा नऊ पोरं जास्त. एका शाळेच्या एका दिवसावरनं मी काही सिद्धांत मांडत नाही, पण ती टकटक माझ्या कानात आहे.

सरकारची बाजू पैशाची आहे आणि ती पण खोटी नाही. प्राथमिकच्या पोरामागं डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस या सगळ्याचा दर २०२५ च्या सुरुवातीला, अंड्याचा पैसा बंद झाला तेव्हा, ६ रुपये १९ पैसे होता, धान्य वेगळं. म्हणजे एक अंडं म्हणजे एका दिवसाचा अख्खा स्वयंपाक. हिवाळ्यात बाजारात अंडं सात रुपयांवर जातं आणि सरकार द्यायचं पाच, वरचे दोन कोण भरणार? हेडमास्तर खिशातनं भरायचे किंवा दुकानदाराच्या वहीत उधारी ठेवायचे. पण यावरनं निघतं काय? की अंडं महाग आहे, का ते सहा रुपये १९ पैसेच लाजिरवाणे होते? ज्या दरात आज रस्त्यावर कटिंग चहा मिळत नाही त्या दरात आपण पोराला जेवू घालतो आणि मग अंडं परवडत नाही म्हणतो. परवडत नाही हे वाक्य नेहमी कुणाच्या ताटासमोर उभं राहून म्हटलं जातं तेवढं बघा, बाकी काही सांगायला नको.

तमिळनाडूचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो, कारण ते टाळता येत नाही. मुख्यमंत्री कामराजांनी पन्नासच्या दशकात शाळेत जेवण सुरू केलं, नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते मोठं केलं तेव्हा तज्ज्ञ म्हणाले पैसा वाया जाणार. १९८९ मध्ये पंधरा दिवसांतनं एक अंडं आलं, मग आठवड्याला एक, दोन, तीन, आणि २०१० पासून शाळेच्या पाचही दिवशी. मधे सरकारं बदलली, एकमेकांचे कट्टर वैरी सत्तेवर आले-गेले, पण अंडं कुणी काढलं नाही, वाढवतच नेलं. तिथं शाकाहारी लोक नाहीत का? आहेत, त्यांच्या पोरांना केळं मिळतं आणि कुणाच्या धर्माला काही झालेलं ऐकिवात नाही. शेजारच्या कर्नाटकात पण २०२१ मध्ये उत्तरेकडच्या मागास जिल्ह्यांपासनं सुरुवात झाली, मठांनी विरोध केला, तरी अंडं टिकलं, पुढं एका मोठ्या फाउंडेशननं पैसे दिले आणि आठवड्याला सहापर्यंत गेलं. आता लगेच आकडे काढून मी असं म्हणणार नाही की २०१९-२१ च्या पाहणीत तमिळनाडूत पाच वर्षांखालची खुरटलेली पोरं २५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५ टक्के हे अंड्यामुळं. आया शिकलेल्या असणं, दवाखाने, संडास, पाणी, सगळ्याचा त्यात हात आहे.

आणि अंड्याच्या बाजूनं बोलणारे जे फेकतात त्याचा पण हिशोब करू. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं आणि खुरटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं, हा २०१७ चा अभ्यास सगळीकडं नाचवला जातो. पण तोच प्रयोग नंतर आफ्रिकेत मलावीत केला तेव्हा उंचीत काही फरक पडला नाही. का? एक कारण असं सांगतात की तिथली बाळं तळ्याकाठची, आधीच मासे खात होती. म्हणजे अंड्याची जादू नव्हतीच, ज्याच्या ताटात प्राण्यापासनं मिळणारं काहीच नाही त्याला फरक पडतो, ज्याला आधीच मिळतंय त्याला नाही. माझ्या मते यानं मुद्दा उलट बळकट होतो. आपल्या कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरच्या पोराला शाळेतल्या अंड्यानं फार काही होणार नाही कदाचित. पण मेळघाटातलं, नंदुरबारच्या पाड्यावरचं किंवा आमच्या माणदेशातलं ऊसतोडीवरनं परत आलेलं पोरगं? सरकारला हे कळत नाही असं नाही, आदिवासी भागात अंगणवाडीच्या पोरांसाठी अब्दुल कलामांच्या नावाच्या अमृत आहार योजनेत आठवड्याला चार अंडी देणारं हेच राज्य आहे. मग तेच पोरगं सहा वर्षांचं होऊन पहिलीत बसलं की त्याची गरज संपते का?

आता श्रद्धा. इथं मला सावकाश बोलायचंय, कारण अंडंवाले लोक इथं फार उद्धट होतात. ते "फलित नसलेलं अंडं शाकाहारीच" वगैरे पटवापटवी मला खोटारडेपणाची वाटते. ज्याला अंडं वर्ज्य आहे त्याला ते शब्दांच्या कसरतीनं खायला लावायचं नसतं, नाही म्हणजे नाही. माझ्या आजीच्या गळ्यात माळ होती, आयुष्यात तिनं अंड्याला दात लावला नाही. पण कोंबड्या पाळायची, दहा-बारा, भुशाच्या टोपलीत अंडी साठवायची आणि आठवडी बाजारात विकून मीठ-मिरची, चहापत्ती आणायची. माझा धाकटा भाऊ टायफॉईडमधनं उठला आणि डॉक्टरनी अंडं सांगितलं तेव्हा आजीनंच परसातल्या चुलीवर, एका पोचे आलेल्या जर्मनच्या पातेल्यात रोज एक उकडून दिलं, पंधरा दिवस. ते पातेलं तिनं उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. पण पोराच्या हातात अंडं दिलं. स्वतःचं सोवळं आणि पोराची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला तिला कुठल्या समितीची गरज पडली नाही.

"माझ्या पोराला देऊ नका" आणि "कुणाच्याच पोराला देऊ नका" यात हाच फरक आहे. पहिलं म्हणणं हक्काचं आहे, वेगळं पातेलं, वेगळी पंगत, बरोबरीचा पर्याय, सगळं दिलंच पाहिजे. दुसरं म्हणणं हा दुसऱ्याच्या ताटावरचा ताबा आहे. ४० टक्क्यांचा नियम नेमका दुसरं करतो. शंभरातल्या चाळीस पालकांनी नको म्हटलं की उरलेल्या साठांच्या पोरांचं जातं. आणि ते लाल-हिरवे ठिपके! पोरांच्या गळ्यात आपण काय अडकवतोय याचा कुणी दोन मिनिटं विचार केला होता का? ज्या गावात कोण काय खातो त्यावरनं कोण कुणाच्या ओट्यावर बसतो हे ठरायचं, तिथं ओळखपत्रावर ठिपका? १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली तर केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं भांडण, झालं होतं, नावांची यादी पेपरात छापली, टिळक आणि रानडे दोघंही त्यात, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घेतली गेली. एका कप चहासाठी. आज वारीत प्रत्येक वळणावर चहाचा स्टॉल असतो आणि तो कुणाच्या हातचा हे कुणी विचारत नाही. फरक इतकाच की तेव्हा चहा पिणारे आणि वाद घालणारे दोघंही शिकलेले, जाणते, आपापली बाजू मांडायला वर्तमानपत्रं असलेले. अंडं खाणारी दुसरीतली पोरगी लेख लिहीत नाही.

हिंसेचा मुद्दा राहिला, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पोल्ट्रीत पिंजऱ्यातल्या कोंबडीला एका झेरॉक्सच्या कागदाएवढी पण जागा नसते, नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात, हे सगळं खरं आहे आणि ते बदललं पाहिजे. अंड्याच्या धंद्याला शाळेचं गिऱ्हाईक हवंच असतं हे पण खरं. "संडे हो या मंडे" हे काही कुण्या संतानं सांगितलेलं नाही, १९८२ मध्ये सुरू झालेल्या अंडी समन्वय समितीची ती जाहिरात, आणि त्या धंद्याची मोठी घराणी आपल्या पुण्याचीच. पण मग दुधाकडं पण त्याच डोळ्यांनी बघा की. गोऱ्ह्यांचं आणि रेडकांचं काय होतं हे डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे, त्यावरनं कुणी शाळेतलं दूध बंद करा म्हणत नाही. आणि दूध-अंडी दोन्हीच्या बाबतीत खेड्यातली जुनी गंमत तीच, दूध डेअरीला आणि पोरांना कोरा चहा, अंडी बाजारात आणि पोरांना रस्सा. माझी आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आजीबरोबर जायची, तिथं मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरी तिनं खाल्ल्या. ती म्हणते तेव्हा कुणी विचारलं नाही आम्हाला काय आवडतं, काय चालतं. गरिबाला देताना पण त्याला विचारत नाहीत आणि काढून घेताना पण.

ताईच्या शाळेचं पुढं काय झालं ते सांगतो. सरकारनं लोकसहभाग म्हटल्यावर तिनं आणि हेडमास्तरांनी ग्रामसभेत विषय मांडला, की ज्याचा वाढदिवस असेल त्यानं केक न कापता शाळेला तीन ट्रे अंडी द्यावीत. लोकांना कल्पना आवडली, टाळ्या पडल्या, सरपंचांनी पहिलं नाव दिलं, सोसायटीच्या चेअरमननं दिलं, दुकानदारानं, दोन बागायतदारांनी, ताईनं वहीत बारा-तेरा नावं तारखेसकट लिहून घेतली. घरी येऊन वही उघडली तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्यांच्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला एकच तारीख टाकलेली, त्यामुळं सरपंचांसकट नऊ जणांचा वाढदिवस १ जून. आणि शाळा उघडते १५ जूनला.